भाऊ दुर्बल, मी मध्यम? लातूर आणि डोंबिवलीचा घरगुती हिशोब

दीडदमडी (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय चावून चोथा झालेला आहे, पण गेल्या आठवड्यात तो माझ्याच घरात येऊन बसला.

पुतणी दहावी पास झाली. अकरावीच्या प्रवेशासाठी ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला हवा म्हणून धाकटा भाऊ कागदं गोळा करत होता. मी सुट्टीवर लातूरला गेलो होतो, त्याच्या मागे स्कूटरवर बसून सेतू केंद्रात गेलो. त्याचं आणि भावजयीचं मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाख ६० हजार. मर्यादा ८ लाख. काम होण्यासारखं होतं. बाहेर टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "दादा, मी आता सरकारमान्य दुर्बल." हसलो दोघंही. रात्री परतीच्या गाडीत मात्र झोप लागेना. माझं आणि बायकोचं मिळून ९ लाख २० हजार. म्हणजे मी सबल.

आता सबलाचा हिशोब. पीएफ वगैरे कापून हातात ६८ हजार येतात. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर वन बीएचके, त्याचा हप्ता २७ हजार. सोसायटीचे ३ हजार. मुलीची शाळा आणि व्हॅन साडेसात. किराणा, दूध, भाजी १६. दोघांचे पास आणि रिक्षा साडेतीन. वीज, गॅस, मोबाइल ४. विमा ४. झाले ६५ हजार. उरले ३. त्यात कोणाचं लग्न निघालं की मी क्रेडिट कार्डाकडे बघतो.

भावाच्या हातात ५८ हजार. घर वडिलांनी बांधलेलं, भाडं नाही, हप्ता नाही. किराणा १४, मुलीची शाळा-शिकवणी ९, दोन गाड्यांचं पेट्रोल ४, बिलं साडेतीन, विमा ३, आईची औषधं ५. म्हणजे साडेअडतीस. उरले साडेएकोणीस हजार!

प्रश्न एवढाच: गावाचं नाव न विचारता नुसत्या आकड्यावरून कोणाला मध्यमवर्गीय म्हणता येतं का? आरक्षण असावं की नसावं, ते कृपा करून दुसऱ्या धाग्यावर.

पेठकरीण (शनिवार, रात्री १०:०५)

ज्याच्या घरी भेटवस्तूचा चकचकीत कागद न फाडता सोडवतात आणि पुढच्या बारशासाठी गादीखाली घडी करून ठेवतात, तो मध्यमवर्गीय. उत्पन्न कितीही असो. आमच्याकडे गादीखाली १९९४ चा माल आहे.

ढोबळमानाने (शनिवार, रात्री ११:१२)

पेठकरीण, गादीखालच्या कागदाला अनुमोदन, पण त्यावर बँक कर्ज देत नाही.

व्याख्या हव्या तेवढ्या मिळतील. आपल्याकडे 'प्राइस' नावाची संशोधन संस्था २०२०-२१ च्या किमती धरून वर्षाला ५ ते ३० लाख मिळवणाऱ्या कुटुंबाला मध्यमवर्गात घालते. म्हणजे दीडदमडी, त्यांचे भाऊ आणि त्यांच्या कंपनीतला एखादा बडा मॅनेजर, तिघं एकाच डब्यात. विरार लोकलसारखं. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना वेगळं मोजते: देशातल्या सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं करा, बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न घ्या, त्याच्या ७५ ते २०० टक्क्यांत जो येतो तो मधला. अमेरिकेतलं प्यू संशोधन केंद्र माणशी रोजचे १० ते २० डॉलर धरतं, तेही क्रयशक्तीनुसार बदललेले, म्हणजे बाजारातल्या विनिमय दराने गुणू नका.

या तिन्हींत लातूर आणि डोंबिवली वेगळी नाहीत. देशभर एकच पट्टी. आणि महागाई निर्देशांकाची मदत घेऊ म्हणाल तर तो सांगतो की डोंबिवली गेल्या वर्षीपेक्षा किती महागली. डोंबिवली लातूरपेक्षा किती महाग, हे तो सांगत नाही, त्याचं ते कामच नाही.

आता थोडं कडू. २०२३-२४ च्या सरकारी खर्च-पाहणीत माणशी महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. तुमचा कर्जाचा हप्ता बाजूला ठेवला तरी तिघांत ३८ हजार खर्च होतात, माणशी साडेबारा हजारांच्या वर. शहरी सरासरीच्या जवळजवळ पावणेदोन-दोनपट. तुम्ही मधे नाही आहात, वर आहात. मान वर करून बघायची सवय आहे म्हणून मधे असल्यासारखं वाटतं.

दीडदमडी (शनिवार, रात्री ११:३०)

वर असेन तर वरून ३ हजारच दिसतायत खिशात. पण मुद्दा लागला.

शिक्कामोर्तब (रविवार, सकाळी ६:५०)

महसुलात ३१ वर्षं कारकुनी केली, आता निवृत्त. उत्पन्नाच्या किती दाखल्यांवर शिक्के मारले ते देवाला ठाऊक. 'मध्यमवर्ग' असा रकाना एकाही फॉर्मात नव्हता. सरकारला दोनच माणसं दिसतात, रेषेच्या आतला आणि बाहेरचा. आणि रेषा प्रत्येक खात्याची निराळी.

राज्यात १ मे १९९९ पासून तिरंगी रेशन कार्डं आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. केशरी म्हणजे मधला, असा तेव्हा सरळ अर्थ होता. आज १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. या आकड्याने पाहिलं तर धाग्यावर लिहिणारे आपण सगळे पांढरे. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाची मर्यादा आली: ग्रामीण ४४ हजार, शहरी ५९ हजार. गाव आणि शहर वेगळं धरलं हे बरं झालं, पण कुलाब्यालाही ५९ आणि अहमदपूरलाही ५९.

ईडब्ल्यूएसचे ८ लाख २०१९ पासून, केंद्राच्या दाखल्यासाठी सगळ्या देशाला एकच. ओबीसींच्या नॉन-क्रीमीलेअरचे, म्हणजे सधन ओबीसींना वगळणाऱ्या रेषेचे, ८ लाख २०१७ पासून. आकडा सारखा दिसतो म्हणून लोक फसतात. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं सगळं धरायचं: पगार, शेती, धंदा, व्याज. क्रीमीलेअरच्या उत्पन्न-चाचणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत. एकाच ८ लाखांचे दोन अर्थ, हे खिडकीवर समजावताना माझा घसा बसायचा.

दीडदमडींच्या भावाला एक सांगा. पुतणी पुढे 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन अखिल भारतीय कोट्यात जाणार असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागेल. त्यात उत्पन्नाशिवाय मालमत्ताही बघतात. ५ एकर किंवा जास्त शेती नको, १,००० चौरस फुटांचा किंवा मोठा फ्लॅट नको, नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्ड, म्हणजे ९०० चौरस फूट किंवा त्याहून मोठा निवासी प्लॉट नको. वडिलांनी बांधलेलं घर म्हणता, प्लॉट केवढा आहे?

दीडदमडी (रविवार, सकाळी ८:१५)

१,२०० चौरस फूट. गेलं म्हणा की!

शिक्कामोर्तब (रविवार, सकाळी ८:२२)

मग केंद्राच्या दाखल्यापुरता तुमचा भाऊही सबल.

गंमत म्हणून म्हाडा बघा. २०२२ च्या बदलानंतर मुंबई, पुणे, नागपूर या महानगर प्रदेशांत ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम उत्पन्न गट. उरलेल्या महाराष्ट्रात साडेचारपर्यंत अत्यल्प, साडेसातपर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. तुमचे ९.२० डोंबिवलीत मध्यम, भावाचे ७.६० लातुरात मध्यम. जागा बघून रेषा हलवणारं एक तरी खातं निघालं. आता तुमचा भाऊ एकाच वर्षी एका कागदावर दुर्बल आणि दुसऱ्यावर मध्यम आहे, आणि दोन्ही कागद खरे आहेत.

टपालहशील (रविवार, सकाळी ११:००)

मी पोस्टात आहे, केंद्र सरकारी. ठाण्याहून लातूर जिल्ह्यात बदली मागून घेतली, त्यामुळे हा प्रयोग स्वतःवर केलाय.

सरकारच्या मते दोन गावांत फरक कशाचा? मुख्यतः घराचा. महागाई भत्ता काश्मीर ते कन्याकुमारी सारख्याच टक्क्याने. घरभाडं मात्र शहराच्या वर्गाप्रमाणे: एक्स, वाय, झेड. हल्ली ३०, २० आणि १० टक्के. मुंबई-ठाणे एक्स, पुणे एक्स, नाशिक-सोलापूर वाय, लातूर झेड. मूळ पगार ४० हजार धरला तर ठाण्यात १२ हजार घरभाडं, लातुरात ४ हजार. माझे घरभाड्याचे महिन्याला ८ हजार कमी झाले आणि मी सुखी झालो, कारण ठाण्यात घरमालक १८ घेत होता आणि इथे तसंच घर ७ मध्ये आहे.

आधी वाटलं होतं की सगळंच स्वस्त होईल. तसं काही नाही. गोडेतेल, साबण, बिस्किटं, औषधं यांच्यावर एमआरपी छापलेली असते, ती लातूरला आली म्हणून कमी होत नाही. मोबाइल, फ्रिज, सोनं, एलआयसीचा हप्ता, सगळं तेच. पेट्रोल तर दोन पैसे जास्तच. वर ठाण्यात लोकलचा पास होता, इथे बसथांबा आहे पण बसची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून घरटी दोन दुचाक्या. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूर गाठलं. जाणं-येणं, राहणं, दोन रजा.

स्वस्त झालं ते घर. आणि कामाला माणूस. भांडीवाली, इस्त्रीवाला, गवंडी, सुतार.

तिसऱ्या_मजल्यापर्यंत (रविवार, दुपारी १२:४०)

वाचनमात्र असतो. शेवटच्या ओळीसाठी लॉगिन केलं.

माझी आई कोथरूडला पाच घरी पोळ्या करते. एका घराचे २,२०० ते २,५००. सख्खी मावशी लातूरला हेच काम १,१०० मध्ये करते. तोच आटा, तेवढ्याच पोळ्या, तोच खांदा दुखतो. मावशीलाही तेल एमआरपीनेच घ्यावं लागतं. लातूर स्वस्त आहे म्हणजे मावशी स्वस्त आहे. टपालहशील, तुम्हाला बोललो नाही, तुम्ही निदान लिहिलंत तरी.

आमचं चौघांचं मिळून वर्षाचं पावणेचार लाख. मी पहिला पदवीधर, बँकेत कंत्राटी. घरी स्प्लिट एसी नाही, पण मला फॉर्मात कोणी विचारलं तर मी 'मध्यमवर्ग' लिहीन. आई म्हणते तसं लिहू नको, फी माफ होणार नाही.

पेठकरीण (रविवार, दुपारी १२:५८)

माझ्याकडच्या मावशींना गेल्या दोन वर्षांत वाढ दिलेली नाही. आत्ता आठवलं. गादीखालच्या कागदाचा विनोद मागे घेते.

सोयाबीनची_गंजी (रविवार, दुपारी ३:३०)

सगळे महिन्याचा हिशोब मांडायलेत. माझा पगार वर्षातून दोनदा येतो, तोही आला तर.

हिंगोली जिल्हा, सहा एकर कोरडवाहू. शिक्कामोर्तब साहेबांच्या ५ एकरच्या नियमाने मी केंद्राच्या दाखल्यात बसत नाही. एकरी सात क्विंटल धरा, ४२ क्विंटल सोयाबीन. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, आमच्याकडं व्यापाऱ्यानं ४,१०० नं घेतलं. झाले १ लाख ७२ हजार. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणीचे निम्मे गेले. तुरीचे थोडे आले. हे झालं बऱ्या वर्षाचं. वाईट वर्षी पीकविम्याच्या मेसेजची वाट बघायची.

माझी जमीन विकली तर तुमच्या डोंबिवलीचं घर निम्मं येईल. मग मी श्रीमंत का? जमीन आहे म्हणून शहरातला पाहुणा मला बागायतदार समजतो, आणि हातात रोख नाही म्हणून दुकानदार उधारीच्या वहीत लिहितो. एका वर्षाच्या आकड्यावरून माझा वर्ग काढू नका. पाच वर्षांची सरासरी काढा.

सॅनहोजेचा_सख्या (रविवार, रात्री ९:१५, आमच्याकडे सकाळ)

इथलं एक उदाहरण. अमेरिकेचं गृहनिर्माण खातं दरवर्षी भागवार मधलं उत्पन्न काढतं आणि साधारण त्याच्या ८० टक्क्यांखालच्या कुटुंबाला 'अल्प उत्पन्न' धरतं. घरं फार महाग असतील तिथे रेषा आणखी वर सरकवतात. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागात चौघांच्या कुटुंबासाठी ती १,१७,४०० डॉलर झाली होती. आईला फोनवर सांगितलं की इथे लाखभर डॉलरवाला सरकारी सवलतीच्या घराला पात्र असू शकतो, तर ती म्हणाली, "मग तू अर्ज कर."

फार कौतुकही नको. त्याच देशात गरिबीची केंद्रीय रेषा अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांना एकच आहे, आणि केंद्रीय आयकराचे टप्पेही गाव बघून बदलत नाहीत. म्हणजे घर देताना गाव विचारतात, कर घेताना विचारत नाहीत.

ढोबळमानाने (रविवार, रात्री १०:२०)

सख्या, कर घेताना आपल्याकडेही विचारत नाहीत. ठळक अपवाद, जुन्या करप्रणालीतली घरभाड्याची सवलत. त्यातही वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि पुण्याला इतरांबरोबर ४० टक्क्यांपर्यंत होती. कोथरूडचा घरमालक हे वाचून हसला असेल.

टपालहशील आणि तिसऱ्या_मजल्यापर्यंत यांनी मिळून गणित सोडवलंय असं मला वाटतं. वस्तूंच्या किमती देशभर बऱ्याच अंशी सारख्या. फरक जागेचा आणि माणसाच्या श्रमाचा. म्हणून उत्पन्नातून आधी घराचा खर्च वजा करा आणि मग तुलना करा. दीडदमडी: ६८ मधून ३० गेले, ३८. भाऊ: ५८ तसेच. भाऊ दीडपट पुढे. ज्याचं घर फिटलंय आणि ज्याचं फिटायचंय, त्या दोघांना उत्पन्नाच्या एका पट्टीवर ठेवणं हीच मूळ चूक आहे.

कोपऱ्यातली_काकू (रविवार, रात्री १०:५५)

ढोबळ, अर्धंच सोडवलंत. दीडदमडी, रागावू नका, पण लातूरच्या त्या घरात तुमचा वाटा किती?

दीडदमडी (रविवार, रात्री ११:०२)

निम्मा असेल. कधी विषय काढला नाही.

शिक्कामोर्तब (रविवार, रात्री ११:०४)

निम्मा नव्हे. घर वडिलांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही असं धरलं तर आई, तुम्ही, भाऊ, तिघांचे सारखे हिस्से. बहीण असेल तर चार.

कोपऱ्यातली_काकू (रविवार, रात्री ११:१०)

तर मग तसं घर लातूरला ९-१० हजार भाड्याने जात असेल, त्यातला तुमचा तिसरा हिस्सा तुम्ही भावाला दरमहा देताय. ३ हजार. हे तुमच्या खर्चात लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. आई कोणाकडे असते? औषधाच्या ५ हजारांतले तुमचे किती? आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात कोण नेतं, त्याचा दर काय लावायचा? माझ्या सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला होत्या. दीर पुण्यात. त्यांचा हप्ता मोठा म्हणून त्यांच्याकडे दर दिवाळीला आमची 'स्वस्ताई' निघायची. मी नोकरी सोडली होती, ती कोणाच्या वहीत नव्हती.

दीडदमडी (रविवार, रात्री ११:४८)

आई भावाकडे. मी दिवाळीला आणि जूनमध्ये दहा-दहा हजार पाठवतो. रोजचं सगळं तो बघतो.

धागा काढताना मी त्याच्या साडेएकोणीस हजारांकडे बघून काढला होता, खोटं कशाला बोलू.

संपादक (सोमवार, सकाळी ९:००)

आरक्षणावरचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागाकर्त्याने विनंती केली होती. 'लातूर विरुद्ध नांदेड' हा वादही इथे नको.

औसा_रोडवाला (सोमवार, दुपारी १:२०, सदस्यत्व: २० मिनिटं)

नमस्कार. मी तो दुर्बल भाऊ. ऑफिसातल्या एकानं धागा दाखवला, म्हणला हे तुमच्याच घरचं वाटायलंय. १,२०० फुटांचा प्लॉट आणि सेतूबाहेरचा चहा, दुसरा कोण असणार.

आकड्यांत दुरुस्ती. एप्रिल ते जून टँकर घ्यावा लागतो, ते दादाला माहीत नाही, तो दिवाळीत येतो नाहीतर पावसाळ्यात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा त्यानं टीव्हीवर बघून फोन केला होता. आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, म्हणून बोअर पाडला, त्याचं कर्ज पतसंस्थेत चालू आहे. पोरीला नीटचा क्लास लावायचाय, दोन वर्षांची फी ऐकून मी परत घरी आलो, अजून भरली नाही. बाहेरगावची पोरं आमच्या लातुरात शिकायला येतात म्हणून आम्हाला फी कमी लागत नाही.

भाड्याचं काकू बरोबर बोलल्या. दादानं हिस्सा मागितला तर मी देऊ शकणार नाही, हे मलाही माहीत आहे. त्यानं मागितला नाही, ते मी धरून चालतो.

आईची औषधं ५ हजारांची नाहीत. शुगर वाढल्यापासून ७ च्या वर जातात. दादाला ५ सांगतो, कारण त्याचा हप्ता चालू आहे.

दीडदमडी (सोमवार, दुपारी १:३४)

फोन उचल.